भालेबाबांचा हिरवा भाला

"वाकव! वाकव त्याला!"

चार मजली इमारतीची गच्ची थरथरत होती. शे-दीडशे माणसं, तितक्याच मुठी, त्याहून जास्त शिव्या, आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभे भालेबाबा. दिवसभर डोक्यावरून घरघरणाऱ्या विमानांनी वस्तीचे कान किटले होते, तान्ही पोरं झोपेतून दचकून उठत होती. बाबांनी नेमकं तेच दुखणं हेरलं होतं.

"हा लोखंडी राक्षस! याच्या डोळ्यांत भाला खुपसतो, बघा!" बाबांनी काठी रोखली. टोकातून हिरवी रेघ सणसणत आभाळात गेली. विमान टाकीपाशी आलं, एका पंखावर झुकलं आणि वळलं.

"वाकलं! नमस्कार केला!" न्हावीकाकांनी आनंदाच्या भरात शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा हाणला.

जिन्याच्या दारात चिमणी दातओठ खात उभी होती. नाव चिमणी, तोंड तोफेचं! तिची ताई वैमानिक. चार दिवसांपूर्वी ती चोळून लाल झालेले, पाणी गळणारे डोळे घेऊन घरी आली होती. "उतरताना समोरची काच एकदम हिरवीगार झाली गं. धावपट्टीच दिसेना. चाकं अशी आदळली की मागून नुसत्या किंकाळ्या!" आज डॉक्टरांनी पुन्हा विमान चालवायची परवानगी दिली होती. संध्याकाळी सहा चाळीसला उतरणारं विमान ताईचं होतं. घड्याळात सहा बत्तीस.

कोपरं मारत चिमणी गर्दीत घुसली आणि सरळ काठीला लोंबकळली.

"सोड, कार्टे!" बाबांनी काठी हिसडून तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. मागून कुणीतरी वेणी ओढली. शिवणवाल्या मावशीने, जिने तिचा शाळेचा झगा शिवला होता त्याच मावशीने, फाडकन थोबाडीत दिली. "बाबांच्या अंगावर जातेस?" चिमणीने बाबांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. काठी आपटली, बूड उघडलं आणि दोन सेल घरंगळत आले. चिमणीने ते मुठीत गच्च धरले.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. बाबांनी काठी रोखली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. अंधार!

"भाला रुसला!" बाबा किंचाळले. "आता राक्षस वाकणार नाही! तुमच्या छपरांवर कोसळेल!"

बायका पोरांना पोटाशी धरून खाली बसल्या. विमान आलं. टाकीपाशी पोचलं. एका पंखावर झुकलं, रोजच्यासारखंच वळलं आणि सुखरूप उतरायला निघून गेलं.

"मग... याला कुणी वाकवलं?" मावशीने विचारलं.

"आझ्या ताईनं!" चिमणीचा ओठ लिंबाएवढा सुजला होता, त्यातून म आणि व निघेचनात. "उतरायची जागा तिकडे आहे! इथं आलं की सगळीच इआनं अळतात!"

तिने बाबांच्या हातातली काठी ओढून घेतली, तीत सेल घातले आणि जिन्याच्या दाराच्या ओरखडलेल्या काचेवर रेघ मारली. एवढासा ठिपका पडायच्या जागी अख्खी काच हिरवी पेटली, पलीकडचा जिना दिसेनासा झाला. आकाशात जाईपर्यंत हाच ठिपका परातीएवढा पसरतो; मग वैमानिकाला दिसणार काय? बाबांचा भाला म्हणजे लेझरचा साधा दिवा होता.

"म्हणजे रोज आम्ही भरल्या विमानाला आंधळं करत होतो?" न्हावीकाका पुटपुटले, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी बाबांची दाढी धरली. ठोसा. लाथ. दहा हात बाबांना फरफटत कठड्याकडे नेऊ लागले. "फेका खाली!"

चिमणी आडवी आली. "आरू नका! आरू नका!"

"काय म्हणतेय ही?"

"आरू नका म्हणतेय."

कुणाला तरी फिस्सकन हसू आलं. हात सैल पडले. चिमणीने दुखणारा ओठ बोटांनी वर ओढला आणि कळवळत, एकेक अक्षर सुटं काढून ओरडली, "मा-रू न-का! आत्ता मला बडवत होतात, आता यांना! डोकं कधी चालवणार? पोलिसांना बोलवा!"

न्हावीकाकांनी मान खाली घालून फोन काढला. मावशीने पदर ओला करून तिच्या ओठावर धरला.

विमानांचा त्रास खराच आहे, त्यासाठी तक्रार करा, भांडा. पण वर जे जातं त्यात कुणाची तरी ताई बसलेली असते. आणि चमत्कार दिसलाच, तर हात जोडण्याआधी एकदा सेल काढून बघा!