उंच खिळ्यावरची झारी

मी एक जुनी, लांब चोचीची, तेलाची पत्र्याची झारी आहे. कोइमतूरच्या एका सूतगिरणीत माझी चाळीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी भिंतीवर लटकण्यात.

मित्रांनो, नवी होते तेव्हा मी लखलखत असे. गिरणीतला पहिला फिटर करुप्पसामी ताडमाड उंच होता. त्याने आपल्या हाताला सोयीच्या जागी खिळा ठोकला आणि मला टांगलं. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण साच्यांवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, काम करणाऱ्या बायकांचा हात तिथवर पोचेना आणि स्टुलावर चढायला बंदी होती. मग त्या पुरुषांना हाक मारत आणि तेल पुरुषच घालत.

मुकादम नेमताना कागदावर एक प्रश्न असे: साच्याला स्वतः तेल घालतात का? बायकांच्या नावापुढे दरवर्षी 'नाही' लिहिलं जाई आणि नेमणूक पुरुषाची होई. मालक पोंगलला सर्वांना नवे कपडे वाटणारे भले गृहस्थ. तेही म्हणत की बायकांनाच तेलात हात बरबटवायचे नसतात.

माझा जीव जडला होता पोन्नुताईवर. कुठलं चाक कोरडं पडलंय हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. तिने शिकवलेले तिघे तिच्याच वर मुकादम झाले. ती खालून मला बघायची, मी वरून तिला. अशी एकोणीस वर्षं गेली. एकदा तरी तिच्या हातात जावं, एवढीच माझी आस होती.

मग कोदै नावाच्या नव्या बाई व्यवस्थापक म्हणून आल्या. सगळे कागद वाचून त्या थेट साच्यापाशी आल्या.

"अक्का, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही तेल घातलं नाहीत?"

पोन्नुताई हसली. "घातलं असतं की. आधी हात पोचायला हवा ना, बाई."

कोदैबाईंनी वर पाहिलं. चवड्यांवर उभं राहून हात लांबवला. मी त्यांच्याही हाताला लागले नाही.

दुसऱ्या दिवशी खिळा खांद्याच्या उंचीवर आला आणि कागदावरचा तो प्रश्न गेला. पोन्नुताईने मला उतरवलं. तिचा हात खरखरीत होता आणि उबदार. "आलीस एकदाची खाली," ती म्हणाली, आणि तिने सावकाश सगळ्या साच्यांना तेल घातलं. तिच्या निवृत्तीला तेव्हा बारा दिवस उरले होते. पुढे मुकादम झाली ती तिच्या शेजारच्या साच्यावरची वडिवु.

आता माझं बूड गळतं, म्हणून मी कोपऱ्यात असते. समोरच्या भिंतीत, उंचावर, जुन्या खिळ्याचं भोक अजून दिसतं. ते बघितलं की पोन्नुताईची फार आठवण येते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण कुणाला जमत नाही असं म्हणण्याआधी खिळा कुठे ठोकलाय ते बघा. आणि तिचे बाराच दिवस उरायच्या आत बघा.