वरचा डावा दात

मिसिसिपीतल्या एका छोट्या गावच्या कोर्टात लोनी पर्व्हिसच्या खटल्याची फेरसुनावणी होती. खुनासाठी तो अठरा वर्षं तुरुंगात होता. पुरावा एकच, मृत बाईच्या खांद्यावरचा चाव्याचा वण. तो पुरावा आजही टिकला, तर लोनी आतच मरणार होता.

दंतवैद्य ग्रिमस्लीने जुनीच साक्ष दिली. वणात वरच्या डाव्या बाजूला फट आहे आणि लोनीच्या दातांच्या साच्यात नेमका तोच दात अर्धा तुटलेला आहे.

"असे दात जगात दुसऱ्या कुणाचे नाहीत."

"सगळ्या जगाचे पाहिलेत?" लोनीची वकील रूथ कॅल्डरने विचारलं.

"तुमचे बघतोय. चावायलाच आलाय तुम्ही."

लोक हसले.

मधल्या सुटीत रूथ आणि लोनीची बहीण अर्नेस्टीन बाकावर बसल्या होत्या. लोनीला अटक करणारा स्टॉकटन, आता निवृत्त पोलीस, मुद्दाम तिथे थांबला.

"काय गं, भाऊ फटीतून शिट्टी वाजवतो का अजून?"

"तोंड सांभाळा."

"त्यानं सांभाळायचं होतं. गाडीत बसेना. दारावर आपटला, मग बसला. दाताचा तुकडा माझ्याच गाडीत पडला होता. दर शुक्रवारी मासे तळायला जमतो, तेव्हा मित्र अजून हसतात यावर."

अर्नेस्टीन ताडकन उठली. रूथने तिचं मनगट धरलं.

पोलिसांनी दात पाडला, हे लोनी पहिल्या दिवसापासून ओरडत होता. दात आधीच तुटका होता, अशी साक्ष स्टॉकटनने दिली होती.

सुटीनंतर रूथने त्यालाच पिंजऱ्यात बोलावलं. बाहेर ऐकलेलं सांगितलं आणि विचारलं, "अटकेआधी दात शाबूत होता?"

"आठवत नाही."

"शुक्रवारी मासे तळायला मित्र जमतात, तिथे हा किस्सा आठवतो ना?"

मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या मित्रांनी माना खाली घातल्या. न्यायाधीशांनी ते पाहिलं.

"बोलावू त्यांना?" रूथने विचारलं.

"शाबूत होता," स्टॉकटन म्हणाला.

रूथ ग्रिमस्लीकडे वळली. "डॉक्टर, साचा कधी घेतला?"

"अटकेनंतर."

"आणि चावा?"

"आधीचा." ग्रिमस्लीने साचा पुन्हा फोटोवर धरला. "पण साहेब, जुळतो तर आहे."

न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली. लोनीने हाताने तोंड झाकलं.

दाराशी अर्नेस्टीनने स्टॉकटनला गाठलं.

"येत्या शुक्रवारी पुढचंही सांग त्यांना. ऐकायला मीही येईन."