सातव्या भागातलं पडणं

नगराध्यक्ष एका मोठ्या फुग्यात अडकलेत, आणि फुगा शाळेच्या छपरावर.

"दरवाजा बंद होत आहे. कृपया मागे सरा."

डॉक्टर चिकटे यांनी शहरातले सगळे पूल एकमेकांना चिकटवले.

कोमट पाण्याचा पेला, वर बशी.

चष्म्याच्या दुकानात मोठी बहीण गिऱ्हाइकाला विचारते, "आता खालची ओळ दिसते का?"

"सांभाळा! मी पडतोय!"

हे सगळं मंगळवारी दुपारी एका बाईच्या डोक्यात एकदम गोळा झालं, आणि त्यातलं आपलं किती नि दुसऱ्याचं किती, याचा तिला काही केल्या थांग लागेना.

बाई आवाजाचं काम करायची. हल्ली लिफ्टमधल्या सूचना. पण बावीस वर्षांपूर्वी ती धडपड्या होती. धडपड्या म्हणजे कार्टून मालिकेतला महावीर. त्याला ना उडता यायचं, ना भिंत फोडता. त्याच्याकडे एकच शक्ती होती: तो पडायचा. असा नेमका पडायचा की डॉक्टर चिकटेंसारख्या दुष्टांचा बेत त्याच्या बुडाखाली सापडून चपटा व्हायचा. परक्या भाषेतलं ते चित्र यायचं आणि बाई त्याच्या ओठांवर आपला आवाज बसवायची. बावन्न भाग.

आता मालिका पुन्हा निघत होती. नव्या दिग्दर्शिकेचा फोन आला. "मॅडम, आम्ही सगळे सातव्या भागावर फिदा आहोत. शुक्रवारी चाचणीला या. पण आवाज तोच हवा हं, सातव्यातला. दुसरा चालणार नाही."

बाईला आभाळ ठेंगणं झालं. लिफ्टची दारं बंद करून करून ती कंटाळली होती. तिला पुन्हा पडायचं होतं. नवऱ्याने जुने भाग टीव्हीवर लावून दिले. तिने सातवा पाहिला, परत पाहिला, आणि पाण्याचा पेला हातातच राहिला.

भाग सात, तिसऱ्यांदा

"हा मी आहे का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हा धडपड्या आहे."

"आवाज रे! आवाज माझा का ताईचा?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बाई कुणाला सांगत नसे. स्टुडिओत संवाद सकाळी व्हायचे, आणि पडणं, आपटणं, किंचाळणं, धापा टाकणं सगळ्यात शेवटी, कारण त्याने घसा सोलून निघतो. बाईचा घसा नाजूक. मग सोबत म्हणून आलेली ताई माइकपुढे उभी राहायची आणि हिच्या वाटचं पडायची. पुढे पुढे पडता पडता बोलायलाही लागली. ध्वनिमुद्रक म्हणायचा, "एका विहिरीचं पाणी तुम्ही. कागदावर एकच नाव लिहितो, भानगड नको." आता तो ध्वनिमुद्रक वारला होता, कागद रद्दीत गेले होते, आणि बावन्नच्या बावन्न भाग माझे, असं जगाला सांगता सांगता बाईलाही ते खरं वाटू लागलं होतं.

"सांग ना!"

नवरा कान देऊन ऐकत राहिला. "तूच."

तिने तिसरा भाग लावला. "आणि हा?"

"हाही तूच."

"अरे, पण दोन्ही वेगळे आहेत!"

"मग दोन्हींपैकी एक तरी नक्की तूच," असं म्हणून त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

भाग तीन

बुधवारी दुकानाला सुट्टी होती म्हणून ताई आली. येताना पायरीला ठेच लागली, तर बाई मनात म्हणाली, बघा, हिला सराव आहे.

"तिसरा लाव," ताई म्हणाली. "त्यात मी फुग्यावरून पडले होते. काय पडले होते गं!"

"तिसरा माझा आहे."

"तुझा? तुला तेव्हा खोकला होता, नाकातून बोलत होतीस. ऐक... ऐक... हे बघ, 'सांभाळा' म्हणताना 'भा' कसा ओढलाय. मी तश्शीच ओढते. गिऱ्हाइकांनाही म्हणते, चष्मा सांभाऽळा."

तिसरा भाग तिच्या अभिमानाचा होता. कुणी आवाज ऐकव म्हटलं की ती तोच ऐकवायची.

"आणि सातवा?" तिने हळूच विचारलं.

ताईने सातवा पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला, जणू ऐकायलाही काच स्वच्छ लागते. "हा तुझा."

"नक्की?"

"माझा नाही म्हणजे तुझाच. तिसरी कोण येणार आपल्या घरात?"

"मला माझा वाटत नाही गं."

"मग माझा असेल," ताई म्हणाली. "असं कर, शुक्रवारी मीच जाते." हसत म्हणाली, पण हसून झाल्यावरही बाईकडे बघतच राहिली. "बावीस वर्षांपूर्वी तुझ्या नावावर पडले. एकदा माझ्या नावावर पडून बघू दे की."

बाई मनात हिशेब करू लागली. आवाज ताईचा असेल आणि आपण गेलो, तर चाचणीत तोंडावर आपटू, आणि वर बहिणीचं ताट ओढल्याचं पाप. आवाज आपला असेल आणि ताई गेली, तर?

भाग सात, आवाज बंद

शेवटी दोघी मुक्या टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. धडपड्या कठड्यावर चढला. आधी एक पडली, मग दुसरी.

"पहिली ताई," नवरा म्हणाला.

"पहिली मी होते!"

"मग दुसरी ताई."

"म्हणजे काय सांगितलंस तू?" ताई करवादली.

"मला विचारू नका बुवा. पण सातव्यात तो पडायच्या आधी बारीकसा हसतो. गुदगुल्या झाल्यासारखा. ते तुम्हा दोघींनाही जमलं नाही."

त्यांनी आवाज सुरू करून ऐकलं. खरंच होतं. कठड्यावर पाय घसरतो, आणि किंचाळीच्या आधी एक इवलंसं हसू. दोघींनी आळीपाळीने करून पाहिलं. बाईचं रडल्यासारखं आलं, ताईचं शिंकल्यासारखं. एकमेकींकडे बघून दोघी इतक्या हसल्या की धाप लागली, पण ते हसूही तसं नव्हतं.

बाईने दिग्दर्शिकेला फोन लावला. ताई समोरच उभी होती.

"ऐका, बावन्न भाग माझ्या एकटीचे नाहीत. माझी मोठी बहीणही त्यात आहे. सातव्यात कोण आहे ते आम्हाला सांगता येत नाही."

दिग्दर्शिकेने विचारलं, "म्हणजे मी नेमकं कुणाला बोलावलंय?"

"तेच आम्हीही विचारतोय."

"मग दोघी या. पण ते हसू घेऊन या."

ताईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, "धूळ किती गं तुझ्या टीव्हीवर."

शुक्रवारी दोघी बसमध्ये शेजारीशेजारी बसल्या आणि स्टुडिओ येईपर्यंत पडायच्या आधीचं हसत राहिल्या. समोरच्या गृहस्थाने दोनदा जागा बदलली. उतरताना बाई म्हणाली, "ताई, आत्ता जरा जवळ आलं होतं." ताई म्हणाली, "तुझं का माझं?"

बावीस वर्षांपूर्वी सातव्या भागाचं ध्वनिमुद्रण झालं त्या सोमवारी दोघी बहिणी परगावी लग्नाला गेल्या होत्या, आणि नवऱ्याला घराची किल्ली द्यायला स्टुडिओत आलेल्या ध्वनिमुद्रकाच्या बायकोने सगळा भाग एका दमात म्हणून टाकला होता.