जीवन पीत नव्हता

डॉक्टर केसरीनाथ जगावा असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं, आणि त्यात दयामाया काडीचीही नव्हती.

माझा भाऊ जीवन भिवंडीत लूमवर होता. लूमचा धोटा, आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, उडून त्याच्या हाताला लागला. कारखान्यात सगळे करतात तेच त्यानं केलं. तेलकट सुताचा बोळा जखमेवर दाबला आणि शिफ्ट पूर्ण केली. ताप चढल्यावर तिथल्या डॉक्टरनं, या केसरीनाथनं, सुई टोचून त्याला ड्युटीवर पाठवलं. जखमेतलं विष रक्तात भिनून जीवन गेला. मग हा शहाणा भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात सांगत सुटला, "पोरगा पीत होता, लिव्हर गेलं." माझ्या भावानं कधी थेंबाला तोंड लावलं नव्हतं!

२००८ साली मी मुंबईतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये याच आजारावर, सेप्सिसवर, काम करत होते. शेकडो रुग्णांच्या रक्तात हजारो जनुकांपैकी कुठली जागी, कुठली झोपलेली ते मोजायचं आणि कोण सावरणार, कोण खचणार याची खूण कॉम्प्युटरवर शोधायची. पायाला गळू होऊन केसरीनाथ तिथेच भरती झाला. नमुन्यावर नाव नसतं, फक्त गाव असतं, पण त्या दिवशी आलेला भिवंडीचा रुग्ण तोच एकटा. ताप उतरला म्हणून वॉर्ड निर्धास्त होता. आमच्या आकड्यांत मात्र तो खचणाऱ्यांत बसला होता.

खूण अजून सिद्ध झालेली नव्हती, त्यामुळे ती वॉर्डात सांगायची नाही असा नियम होता. गप्प बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मेलेला माणूस तोंड उघडत नाही आणि मला त्याचं तोंडच हवं होतं. मी मोठ्या डॉक्टरांना हट्टानं त्याला पुन्हा तपासायला लावलं. पू खोल मुरला होता. ऑपरेशन झालं, औषधं बदलली, तो वाचला.

सगळे म्हणाले, काय मोठं मन! कसलं डोंबलाचं मन.

बरा झाल्यावर तो हात जोडून आला. "माझ्या आईपुढे जोडा," मी म्हटलं.

चुलतभावाच्या, भाविकच्या हळदीला तो आला. मांडवात अख्खं गाव जेवत होतं. यानं आईला मागच्या पडवीत गाठलं आणि पुटपुटला, "गोदूबाई, जीवन पीत नव्हता. चूक माझी होती."

"आमाला म्हाईत हाय," आई म्हणाली. "गावाला सांग."

तो घुटमळला. आईनं त्याचं मनगट धरून त्याला मांडवात आणलं. हळदीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीकडून माईक घेतला आणि त्याच्या हातात कोंबला. मी वाजंत्र्यांना थांबवलं.