दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा आणि हातात जे काही असेल ते खाली ठेवा. मी एक जुनी कातर आहे, शिंप्याची कातर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही आणि अर्ध्या लक्षाने ऐकणारा श्रोता मला मुळीच चालत नाही. तो का चालत नाही, तेच आज सांगणार आहे.

माझी दोन पाती एका कारागिराने भट्टीत वेगवेगळी तापवली, ठोकली, घासली आणि मग एका स्क्रूने कायमची एकत्र बांधली. काम संपल्यावर त्याने मला कानाशी नेऊन उघडले आणि मिटले. "बोलते चांगली," एवढेच तो म्हणाला. पुढच्या आयुष्यात माझी पुष्कळ स्तुती झाली, पण त्या दोन शब्दांचा अभिमान मला आजही वाटतो.

एका तरुण शिंप्याने मला घरी आणले. सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणेन. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. खिडकीखाली कापड बेतण्याचे लांब लाकडी टेबल, भिंतीला शिलाई यंत्र, आणि मागच्या दाराआड स्वयंपाकघर. पहिल्याच दिवशी मास्तरांनी घरात दोन नियम घातले. पहिला, या कातरीने कागद कापायचा नाही. कागदाने पात्याची धार मरते. दुसरा, कातर ज्याच्या हातात असेल त्याच्याशी कोणीही बोलायचे नाही. कापड एकदा कापले की ते पुन्हा जोडले जात नाही.

तो दुसरा नियम घरात सर्वांनी पाळला. गिऱ्हाईक उंबऱ्यावर ताटकळत उभे राही. एकदा मास्तरांची पत्नी उतू गेलेल्या दुधाचे पातेले फडक्यात धरून दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द काढला नाही. ती म्हणत असे, "घराला आग लागली तरी मी आधी विचारीन, अहो, कातर खाली ठेवलीत का?" मास्तर मला टेबलावर ठेवत तेव्हा टक् असा आवाज होई. तो आवाज झाला की सगळे घर एकदम बोलू लागे.

त्या टेबलावर मी किती कापड कापले याची गणती मी ठेवली नाही. ती ठेवणे मोठ्या घरच्या बाईला शोभत नाही. लग्नाचे पोशाख कापले, परिचारिकांचे गणवेश कापले, कचेरीतल्या कारकुनाचा कोट कापला. तो कारकून आरशापुढे उभा राहून म्हणाला होता, "मास्तर, आता माझा साहेबच मला उठून खुर्ची देईल!"

मास्तरांचा मुलगा याच टेबलाशी मोठा झाला. पुढे सून आली. ती काजे इतकी सुबक करी की मास्तर त्यांवरून बोट फिरवत आणि नुसतेच "वा" म्हणत. मग नात झाली. तिने रांगत्या वयात कोटाची एक गुंडी गिळली आणि सगळ्या घराचा जीव टांगणीला लावला. तेव्हापासून तिला सगळे गुंडी म्हणू लागले. गुंड्यांचा पत्र्याचा डबा घेऊन ती टेबलाखाली बसे आणि नियमाप्रमाणे गप्प राही. टक् ऐकू आले की आतून विचारी, "आजोबा, आता बोलू?"

काही वर्षांनी मास्तरांची पत्नी वारली. त्यानंतर मास्तरांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ज्या दिवशी खडूची रेघ त्यांना दिसेनाशी झाली, त्या दिवशी त्यांनी मला मुलाच्या हाती दिले. "आता तू काप, मी ऐकतो," असे म्हणून ते टेबलाच्या टोकाशी खुर्ची ओढून बसले.

आणि ते खरोखर ऐकत. मुलगा मला खाली ठेवी, मग ते म्हणत, "गळ्याशी तुकडे पाडलेस. लांब घास घ्यायचा." मुलगा तो भाग पाही आणि मान हलवी. त्याचा हात चांगला होता. मी कोणाची खोटी स्तुती करत नाही, पण पुढे जे घडले ते हात वाईट म्हणून घडले नाही, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे.

मग घरात मोबाइल फोन आला.

त्याच्या खोक्याची कागदी चिकटपट्टी कापायला मुलाने मला उचलले. मला! मी टेबलावर टेकले तशी सून काजे करता करता ओरडली, "अहो, सुरी मिळाली नाही का तुम्हाला? ती कातर आहे!"

"एवढ्याशा पट्टीने काय होतंय तिला?"

खुर्चीतून मास्तर म्हणाले, "कागदाचा आवाज आला." त्या दिवशी मी आतून खरवडले गेले.

एका वस्तूने दुसऱ्या वस्तूला नावे ठेवणे बरे नव्हे, म्हणून जे खरे आहे तेही सांगते. फोनवर गिऱ्हाइकांची मापे येत, नव्या कोटांची चित्रे येत. मुलाला त्याची गरज होती. परंतु कामापुरता आणलेला हा पाहुणा हळूहळू घराचा मालक झाला. मुलगा तळहाताकडे बघून हसू लागला. कोणी काही विचारले की फक्त "हूं" म्हणू लागला. एकदा गुंडीने मुद्दाम म्हटले, "बाबा, मी शाळा सोडून सर्कशीत चाललेय."

"हूं. डबा घेऊन जा."

"सिंहाच्या पिंजऱ्यात झोपणार आहे मी."

"हूं. पांघरूण ने."

सगळे पोट धरून हसले. मुलगाही मागाहून ओशाळून हसला. मास्तरही हसले, पण त्यांचे हसू सर्वांच्या आधी थांबले.

दुसरा नियम न मानणारा त्या घरात हा फोन एकटाच होता. मुलगा कापत असताना तो टेबलावर थरथरे. ती थरथर लाकडातून माझ्या पात्यांपर्यंत येई. सुरुवातीला मुलगा मला खाली ठेवून मग त्याच्याकडे बघे. पुढे उजव्या हातात मी आणि डाव्या हातात तो, असे होऊ लागले. मी तोंड उघडे टाकून हवेत लोंबकळत राही.

मास्तरांनी एकदा टक् झाल्यावर सांगितले, "आधी तिला खाली ठेव, मग काय ते बघ."

"बघतो फक्त, बाबा. लगेच होतं."

गुंडीला दूरच्या एका थंड शहरात परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा मास्तरांनी पेटी उघडायला लावली. तळाशी कापडाचा एक तुकडा होता. मास्तरांची थोरली बहीण हातमागावर विणत असे. तिने शेवटचे विणलेले हे लोकरीचे कापड. तिन्हीसांजेच्या आभाळासारख्या गडद निळ्या रंगाचे, एका अंगाने मऊ लव असलेले. "गुंडी मोठी झाली की तिच्या अंगावर चढव," असे सांगून तिने ते भावाच्या हाती दिले होते. त्यानंतर ती मागावर बसली नाही. आता तीही नव्हती आणि तो मागही नव्हता.

मास्तरांनी ते कापड गालाला लावले. "याचा कोट झाला की माझं काम संपलं," ते म्हणाले.

"असं काय बोलता, आजोबा?"

"अगं, शिंप्याचं काम संपलं म्हणालो. चहा पिण्याचं राहील की."

त्या कापडाचा पन्हा अरुंद होता. त्यामुळे ते दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नव्हत्या. एक बाही कापायची, मग कागदी नमुना उलटा करून दुसरी कापायची, म्हणजे एक डावी आणि एक उजवी होते. लव एकाच अंगाला असल्यामुळे चूक झाली तर कापड फिरवून घेण्याची सोय नव्हती. मुलाला हे सगळे ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते.

सकाळी ऊन टेबलावर आले तेव्हा काम सुरू झाले. पाठ कापली, पुढचे भाग कापले. मास्तर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते आणि समाधानाने मान हलवत होते. मी फार दिवसांनी तशी चालत होते. पहिली बाही कापून झाली. मुलाने ती बाजूला केली आणि नमुना पुढच्या कापडावर सरकवला. तेवढ्यात टेबल थरथरले.

शाळेतल्या जुन्या मित्रांपैकी कोणीतरी शीळ घालणाऱ्या पोपटाचे चलच्चित्र पाठवले होते. मुलाने डाव्या हाताने फोन उचलला. पोपटाने शीळ घातली, मुलगा हसला. मी उजव्या हातात तशीच होते. मग त्याने फोन ठेवला, नमुन्याभोवती खडू फिरवला आणि मला कापडात घातले.

नमुना उलटायचा राहून गेला होता.

मास्तरांचे मिटलेले डोळे उघडले. ते खुर्चीत पुढे झुकले. त्यांचे ओठ विलग झाले. मला खाली ठेवल्याचा आवाज होईल म्हणून ते वाट पाहत राहिले. तो आवाज झाला नाही. ओठ पुन्हा मिटले. मी त्या निळ्या लोकरीतून चालत गेले, कारण मला चालवणारा हात मला थांबवत नव्हता.

चूक कळली ती दोन दिवसांनी, सुनेने बाह्या टाचून कोट गुंडीच्या अंगावर चढवला तेव्हा.

"आई, हा हात मागे का ओढतोय माझा?"

सून खाली वाकली, उठली, पुन्हा वाकली. तिच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. मास्तरांनी नातीला जवळ बोलावले आणि दोन्ही बाह्यांच्या कोपरांवरून अंगठे फिरवले.

"दोन्ही डाव्या आहेत," ते म्हणाले.

"कसं शक्य आहे, बाबा? नमुना उलटला होता मी."

"नाही उलटलास. कागद उलटल्याचा आवाज आला नाही."

मुलाचा चेहरा पडला. मग त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत? तेव्हाच ओरडायचं ना माझ्यावर!"

मास्तरांनी गुंडीची बाही हातात धरली.

"कातर तुझ्या हातात होती," ते म्हणाले.

उरलेले तुकडे तळहाताएवढेच होते. शेवटी सुनेने त्या कोटाचे बिनबाह्यांचे जाकीट केले. तिने काजे जीव ओतून केले, पण मास्तरांचे बोट त्यांवरून न फिरता मोकळ्या खांद्यांवरच थांबले. "हात उघडे पडतील पोरीचे," ते पुटपुटले. गुंडी म्हणाली, "आत जाड स्वेटर घालीन ना, आजोबा. सगळ्यांत छान मीच दिसेन." निघताना तिने ते जाकीटच घातले होते. ती परत येण्याआधी, त्याच थंडीत, मास्तर गेले. कोणी कोणाला दोष दिला नाही. मित्रांनो, दोष दिला असता तर मुलाला सोपे गेले असते.

त्याने त्या दोन डाव्या बाह्या टेबलासमोरच्या खिळ्याला टांगल्या. गुंड्यांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. आता कापायला बसण्याआधी तो फोन त्या डब्यात घालतो, झाकण लावतो आणि डबा स्वयंपाकघरात बायकोकडे देतो. तो एका दिवसात सुधारला असे मी सांगणार नाही. पहिले कित्येक दिवस त्याचा हात आपोआप खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. कधी तो उठून दारापर्यंत जाई. मग खिळ्याकडे बघे आणि मागे फिरे.

परवा डबा स्वयंपाकघरात खडखडला. गुंडीचा फोन होता. सूनबाई फोन हातात घेऊन दारात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या हातात कातर आहे गं. थांब जरा."

"थांबते," गुंडी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आई, फोन तसाच धर ना. ऐकू दे मला."

सुनेने हात लांब केला. एका परिचारिकेचा गणवेश बेतायचा होता आणि कापड जेमतेम होते. मी पहिल्या बाहीवरून लांब घास घेत गेले. बाही सुटी झाली. मुलाने नमुना उचलला आणि उलटला. कागद सळसळला.

"उलटला," फोनमधून बारीक आवाज आला. तिथे ती रडत होती.

मुलाने ते ऐकले, पण मान वर केली नाही. दुसरी बाही पुरी कापली, मला टेबलावर ठेवले, टक्, आणि मगच फोनकडे हात केला. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती.

मित्रांनो, तुम्हाला हाक मारणारी माणसे तुमच्या भिडेने कधी कधी गप्प राहतात. फोन मात्र कोणाचीच भीड धरत नाही. म्हणून तुम्ही काही कापत असाल, लिहीत असाल, कोणाचे ऐकत असाल, तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी विनवून सांगते आहे, आणि विनवण्या करण्याची मला सवय नाही.

आता उठा. मला तेलाचा एक थेंब हवा आहे आणि उद्या सकाळी काम आहे.