बांधाची राखण

"काका, पानी नितळ हाय रं! परत उगाच हाक मारलीस."

जगनने ओंजळीतलं पाणी नाथाच्या तोंडासमोर धरलं. त्याच्या मागे गावातली माणसं फावडी घेऊन, चिखलाने माखून उभी होती. लावणी अर्ध्यावर टाकून सगळी धावत आली होती. नाथा ओंजळीवर वाकला. त्याला ते पाणी गढूळच दिसत होतं.

"नितळ हाय तर बरं झालं," तो पुटपुटला.

"बरं काय झालं? या पावसात दुसऱ्यांदा हेच!" जगन म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन परत शेताकडे वळला.

कासू स्टेशनवरून खाडीकडे उतरलं की नाथाचं गाव लागतं. गावची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोल होती आणि मध्ये होता फक्त मातीचा बांध. नाथा त्याचा राखणदार, त्याच्या आधी त्याचा बाप. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करत. भरती चढली की त्या बिळांतून पाणी शेताच्या बाजूला झिरपे. नितळ झिरपलं तर काळजी नसे. गढूळ आलं, तर बांधाची माती आतून वाहून चालली असं समजायचं. मग ओहोटीत खाडीच्या बाजूने चिखल ठासून बीळ बुजवावं लागे. नाहीतर पुढच्या मोठ्या भरतीला तिथेच खांड पडून बांध फुटे, आणि खारं पाणी बसलेल्या जमिनीत भात होत नसे.

नाथाला सगळंच गढूळ दिसायला लागून वर्ष होत आलं होतं. उन्हात खाडी चमकली की त्याला डोळे उघडे ठेवता येत नसत. ढगाळ दिवशी, संध्याकाळच्या उजेडात बरं वाटे. तो पायाच्या तळव्यांनी बांध चाचपत चाले. मऊ लागलं की थांबे.

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, ठमाबाईने, पुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "उंद्या पेणला जायाचा. मी काय आयकनार नाय."

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाथाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"आजोबा, बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. वयाने ते पांढरं पडतं, मग उजेड नीट आत जात नाही. तोच मोतीबिंदू. तुमच्या दोन्ही डोळ्यांत आहे."

"डोळ्यात घालायला औषद द्या ना कायतरी," ठमाबाई म्हणाली.

"औषधाने तो जात नाही. ऑपरेशन करून खराब भिंग काढायचं आणि तिथे नवीन बसवायचं."

नाथाने विचारलं, "पन आधी पिकायला पायजे ना तो?"

"ते जुन्या काळी. आता वाट बघायची गरज नाही. फार पिकू दिला तर उलट डोळ्याला धोका."

"मंग आपरेशन झाल्यावर बसायचा किती?"

"महिना-दीड महिना. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात चिखल-पाणी जाऊ द्यायचं नाही."

नाथा हसला. "बाई, पावसात मी चिखलातच असतो. दसरा झाला की येतो."

"दसऱ्याला नक्की या," असं त्यांनी दोनदा बजावलं.

परत येताना एस.टी.ने वडखळ मागे टाकलं. ठमाबाई म्हणाली, "दुसरा कोन जाईल की बांधावर."

"कोन? एक नाव सांग."

ठमाबाई बोटांवर एकेक घर मोजत गेली. गावातली तरणी पोरं रोह्याकडे धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जात. बांधावर चालायला त्यांतलं कोणी तयार नव्हतं.

भादव्याच्या अवसेला सकाळी नाथा बांधावर गेला. रात्रीची भरती अजून पुरती ओसरली नव्हती. वळणाजवळ त्याच्या पायाला थंड धार लागली. त्याने ती ओंजळीत धरली. गढूळ. पण गढूळ तर सगळंच होतं. ऊन वर आलं होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने गावाकडे तोंड केलं, हाक मारायला श्वासही घेतला. मग जगनचा तो आवाज आठवला, पाठीमागे फावडी घेऊन उभी असलेली माणसं आठवली. त्याने तोंड मिटलं. हातांनीच शेताच्या बाजूने थोडा चिखल थापला आणि तो पेज प्यायला घरी आला.

दुपारी भरती टिपेला असताना बांध त्याच ठिकाणी फुटला. माणसं पोचेपर्यंत खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती रुंदावत गेली. दाणा भरत आलेलं भात आधी हललं, मग दिसेनासं झालं. कोणी फावडं उचललंच नाही.

संध्याकाळी जगन नाथाच्या ओट्यावर येऊन बसला.

"काका, सकाळी गेला व्हतास ना तू?"

"व्हय."

"कायच दिसला नाय?"

"दिसला."

"मंग हाक का नाय मारलीस?"

नाथाने रिकामी ओंजळ त्याच्या तोंडासमोर धरली. जगनने मान खाली घातली. तो निघून गेला तेव्हा ठमाबाईने आणलेला चहा तसाच राहिला होता.

गावाने खांड बुजवायचा प्रयत्न केला. दर उधाणाला टाकलेली माती वाहून गेली. हळूहळू माणसं येईनाशी झाली. जगनने धाटावला कंत्राटी काम धरलं आणि बायको-मुलांना घेऊन रोह्याजवळ अष्टमी गावात खोली केली. नाथाला कोणी बोल लावला नाही. आता त्याला कोणी हाकही मारत नसे.

दसरा गेला, पुढचाही गेला. ऑपरेशनचं नाव काढलं की नाथा म्हणे, "आता बगायचा काय हाय?"

एक दिवस ठमाबाई म्हणाली, "मना बग."

मग तो उठला.

पट्टी निघाली तेव्हा ठमाबाई समोर स्टुलावर बसली होती. नाथा तिच्याकडे बघतच राहिला.

"तुजा लुगडा निला हाय गो?"

"मंग? कवाचा हाय."

"मना काला वाटायचा."

डॉक्टरीणबाई हसल्या. ठमाबाईने पदर तोंडाला लावला.

डोळा पुरता बरा झाल्यावर, होळीच्या सुमारास, जगन रोह्याहून आला. नाथा त्याच्याबरोबर शेताकडे गेला. खाडी उतरली होती. पार क्षितिजापर्यंत सपाट करडा चिखल, त्यावर मिठाची पांढरी साय. मधले बांध विरघळून गेले होते. चिखलातून जागोजाग, एरवी खाडीतच उगवणाऱ्या तिवराची, खारफुटीची, रोपं वर आली होती. त्यांची पानं उन्हात तकतकत होती. नाथाला एकेक पान वेगळं दिसत होतं.

"दिसतंय का आता चांगला?" जगनने विचारलं.

"लांबवरचा दिसतंय."

"मंग सांग, माजा शेत कुठशी कुठवर व्हता?"

नाथाने बराच वेळ पाहिलं. खूण धरून सांगावं असं काहीच तिथे उरलं नव्हतं.

"नाय सांगता येत रं," तो म्हणाला.

जगनला दुपारची शिफ्ट होती. तो कासू स्टेशनकडे निघून गेला. नाथाने धोतर वर खोचलं आणि तो चिखलात उतरला. समोरचं तिवराचं रोप त्याने भातातलं तण काढावं तसं मुळासकट उपटून बाजूला टाकलं. मग त्याच्या शेजारचं. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत तो एकेक रोप उपटत राहिला.