नळाचं उद्घाटन

लायून शहराच्या पूर्वेला, डांबरी रस्ता वाळूत शिरतो तिथे सरकारनं नळ बसवला. पाणी गोड होतं. फक्त नळ लष्करी चौकीच्या आवारात होता, आणि जुनी विहीर ‘आरोग्यासाठी’ सिमेंटनं बुजवली होती. उंटांना पाणी पाजायचं तर ओळखपत्र दाखवूनच आत जायचं. आसपास तंबूंत राहणाऱ्या उंटवाल्यांच्या गळी हे उतरवलं होतं दैदानं. तो त्यांच्यातलाच, सरकारच्या पाणी प्रकल्पाच्या कार्यालयात नोकरीला.

नळ सुरू झाला आणि त्याचा मावसभाऊ लेहबीब उंट घेऊन आत गेला. बाहेर आले ते नुसते उंट. शहरातल्या मोर्चात त्यानं सहरावींचा, म्हणजे आपल्याच वाळवंटी लोकांचा, बंदी घातलेला झेंडा धरला होता, तेव्हापासून तो सैनिकांना चुकवून राहत होता.

दैदा धावत कार्यालयातल्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, “सोडू की! उद्घाटनाला त्याच्या आईनं फीत कापावी. टीव्हीवाले यायचेत.”

हे सल्कामावशीला सांगताना दैदाची नजर वर उठेना. मावशीनं चहा ओतता ओतता विचारलं, “हसायचंही का रे?”

“थोडंसं, मावशी.”

“पुढचे दात नाहीत. चालेल ना त्यांना?”

ती ठेवणीतली निळी मेलहफा नेसून गेली. कात्री बोथट निघाली, तेव्हा दैदानंच कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर राहून फीत ताणून धरली. मावशी हसली. टाळ्या पडल्या.

लेहबीब सुटला. घरी आला तेव्हा दैदा तंबूतच बसला होता.

“आत मुद्दाम टीव्ही लावून दाखवलं मला,” लेहबीब आईला म्हणाला. “कुणी नेलं तुला तिथं?”

“मला कोण नेतंय? माझी मी गेले. पाणी चांगलंय त्यांचं.”

लेहबीबनं आईकडे एकदा पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला.

“मावशी, मी सांगतो त्याला सगळं.”

“गप बस. त्याचा राग माझ्यावर राहू दे. आईवरचा राग आज ना उद्या उतरतो. तुझ्यावरचा नाही उतरायचा.”

दैदा गप्प बसला. गप्प बसायला मिळालं म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की त्यानं चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

सकाळी लेहबीब उंट घेऊन लांबच्या खाऱ्या विहिरीकडे निघाला. आईशी बोललाही नाही. दैदा गाडीतून कार्यालयाकडे चालला होता. त्याला पाहून लेहबीबनं मात्र हात हलवला, भावाला हलवावा तसा.